वाहनाचा क्रमांक उघड, मालकाचे नाव मात्र पडद्याआड

बार्शी हे सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव असले, तरी तेथील रस्त्यांवर एकाच जिल्ह्याची वाहने दिसत नाहीत. सोलापूरच्या एमएच-१३ या पाट्यांबरोबर धाराशिवची एमएच-२५, लातूरची एमएच-२४ आणि बीडची एमएच-२३ ही वाहनेही रोज ये-जा करतात. कोणी बाजार समितीत माल घेऊन येतो, कोणी कर्करोग रुग्णालयात रुग्णाला आणतो, तर कोणी भगवंताच्या दर्शनाला येतो. अशा गर्दीत एखादे वाहन दुचाकीस्वाराला धडक देऊन निघून जाते. रस्त्यावरचा कोणीतरी प्रसंगावधान राखून क्रमांक टिपून घेतो. जखमीचे नातेवाईक तो क्रमांक मोबाइलवर सरकारी संकेतस्थळावर टाकतात. वाहनाचा प्रकार, इंधन, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत हे सारे समोर येते. मालकाच्या नावाच्या जागी मात्र दोन-चार अक्षरे आणि मधे फुल्या दिसतात. पत्ता तर मुळीच दिसत नाही.

साहजिकच नातेवाइकांचा संताप होतो. ‘धडक देणाऱ्याची कसली गोपनीयता?’ हा त्यांचा प्रश्न रास्त वाटतो. तथापि, त्या फुल्या अपराध्याला वाचवण्यासाठी घातलेल्या नाहीत. मालकाचे नाव मिळवण्याचा हक्क कायद्याने अपघातग्रस्ताला दिलेला आहे. फक्त तो बजावण्याची जागा संकेतस्थळ नव्हे. ही जागा कोणती, हे ठाऊक नसल्यामुळेच अनेक जण दलालांच्या दारी किंवा अनधिकृत संकेतस्थळांच्या जाळ्यात जातात.

नोंदवहीत काय असते?

मोटार वाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या ३९व्या कलमानुसार नोंदणीशिवाय कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. नोंदणी करताना मालकाचे नाव, पत्ता, चॅसिस व इंजिनाचा क्रमांक, कर्ज असल्यास वित्तसंस्थेचे नाव इत्यादी तपशील प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे, म्हणजेच आरटीओकडे, जमा होतो. ही माहिती आता ‘वाहन’ या राष्ट्रीय संगणक प्रणालीत एकत्र ठेवली जाते.

पाटीवरील क्रमांक हा सर्वांना दिसावा म्हणूनच असतो. त्यात लपवण्यासारखे काही नाही. किंबहुना तो झाकणे हाच गुन्हा ठरतो. मात्र क्रमांक हा माणसाकडे नेणारा दुवा आहे, तो स्वतः माणसाची ओळख नाही. दुव्याचे हे टोक रस्त्यावर उघडे आणि दुसरे टोक सरकारी नोंदवहीत बंद, अशी ही रचना आहे. ऑनलाइन सेवा घेताना नोंदणी क्रमांकाबरोबर चॅसिस क्रमांकाची शेवटची पाच अक्षरे विचारली जातात, ती याच कारणाने. नोंदणी पुस्तिका ज्याच्या हाती आहे, त्यालाच ती सहजासहजी सांगता येतात.

दार उघडे होते, ते बंद का झाले?

काही वर्षांपूर्वी परिस्थिती वेगळी होती. वाहनाचा क्रमांक लघुसंदेशाने पाठवला की मालकाचे नाव परत येत असे. २०१७ मध्ये आलेल्या ‘एम-परिवहन’ या मोबाइल ॲपमुळे ही सोय आणखी सुलभ झाली. जुने वाहन विकत घेणाऱ्यांना तिचा फायदा झाला, हे खरे. पण रस्त्यात दिसलेल्या कोणाचेही नाव कोणालाही कळू लागले, हेही तितकेच खरे.

याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. सरकारला या हक्कावर मर्यादा घालायची असेल, तर त्यासाठी कायदा हवा, उद्देश वैध हवा आणि उपाय त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा, अशी कसोटी पुढे आली.

असे असतानाही मार्च २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने वाहनांची व वाहन परवान्यांची माहिती घाऊक स्वरूपात देण्याचे धोरण जाहीर केले. व्यापारी संस्थांसाठी वार्षिक ३ कोटी रुपये, तर शैक्षणिक संस्थांसाठी ५ लाख रुपये असा दर ठरला. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार, ८७ खासगी आणि ३२ सरकारी संस्थांना या माहितीसाठ्यांचा वापर करू देण्यात आला होता आणि त्यातून ६५ कोटी रुपयांचा महसूल मिळाला होता. वैयक्तिक माहितीच्या गैरवापराची शक्यता आणि खासगीपणाचा प्रश्न या कारणांवरून जून २०२० मध्ये हे धोरण मागे घेण्यात आले. सर्वसामान्य वाहनमालकाने नोंदणीसाठी सक्तीने दिलेली माहिती त्याला न विचारता विकली जावी का, हा वाद मात्र त्या निमित्ताने देशभर पोहोचला.

एका पत्त्याची किंमत

नाव-पत्ता कळल्याने असे काय बिघडते, असे विचारणाऱ्यांसाठी अमेरिकेतील एक घटना बोलकी आहे. १८ जुलै १९८९ रोजी लॉस एंजेलिस येथे रिबेका शेफर या तरुण अभिनेत्रीची तिच्या घराच्या दारात हत्या झाली. तिचा पाठलाग करणाऱ्या इसमाने खासगी गुप्तहेरामार्फत कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागाच्या नोंदींतून तिचा पत्ता मिळवला होता. या व अशा घटनांनंतर १९९४ मध्ये अमेरिकेने वाहनचालकांच्या माहितीला संरक्षण देणारा कायदा केला. पोलीस, न्यायालये, विमा कंपन्या अशा ठरावीक कारणांसाठीच ही माहिती देता येईल, असे त्यात नमूद झाले. २००० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेही हा कायदा वैध ठरवला.

ब्रिटनने निराळी वाट धरली. तेथे ‘वाजवी कारण’ दाखवणाऱ्यास वाहनधारकाचा तपशील शुल्क घेऊन दिला जातो. त्यामुळे खासगी वाहनतळ चालवणाऱ्या कंपन्याही तो मागवतात आणि त्यावरून तेथे सतत वाद झडतात. दोन्ही देशांत कसोटी मात्र एकच आहे. माहिती कोण मागतो यापेक्षा ती कशासाठी मागतो, याला महत्त्व आहे.

आपल्याकडेही धोका काल्पनिक नाही. एखाद्या महिलेच्या दुचाकीच्या क्रमांकावरून तिचे घर शोधता येणे ही पाठलागाची पहिली पायरी ठरू शकते. भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमानुसार महिलेचा पाठलाग हा गुन्हा आहे. शिवाय अलीकडे ‘आपल्या वाहनाचे चलन थकले आहे’ असा बनावट संदेश आणि त्यासोबत घातक ॲपची फाइल पाठवून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार घडत आहेत. क्रमांक, नाव आणि मोबाइल या तीन गोष्टी एकत्र मिळाल्या, की अशा संदेशावर सहज विश्वास बसतो.

माहिती अधिकारातून नाव मिळेल का?

माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये आला, तेव्हापासून अनेकांना तो रामबाण वाटतो. त्यातील ८(१)(ज) या कलमानुसार, सार्वजनिक कामकाजाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहिती व्यापक जनहित असल्याखेरीज नाकारता येत असे. गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शासकीय कर्मचाऱ्याचा सेवा तपशील व प्राप्तिकर विवरणपत्रही वैयक्तिक माहितीत मोडते, असे म्हटले होते.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ ने हे कलम आणखी कडक केले. ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली असून, आता माहिती वैयक्तिक असणे एवढेच कारण ती नाकारण्यास पुरेसे ठरू शकते. ८(२) या कलमाखाली, जनहिताचे पारडे जड असल्यास माहिती देण्याची मुभा कायम आहे. पण खासगी अपघात वा भांडणासाठी त्या वाटेने जाणे म्हणजे वेळ दवडणे होय.

अपघातग्रस्तासाठी उघडे असलेले दार

खरा मार्ग मोटार वाहन कायद्यातच आहे. त्याचे १६०वे कलम सांगते, की नुकसानभरपाईचा हक्क असल्याचा दावा करणाऱ्या व्यक्तीने मागणी केल्यास नोंदणी प्राधिकारी अथवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी यांनी विहित शुल्क घेऊन आपल्याजवळील माहिती देणे बंधनकारक आहे. वाहनाची ओळखचिन्हे व तपशील, तसेच अपघातसमयी ते वापरणाऱ्याचे नाव व पत्ता यांचा त्यात समावेश होतो. म्हणजे जे नाव जिज्ञासूला फुल्यांत दिसते, ते जखमीला पूर्ण स्वरूपात मिळू शकते. वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही कायदेशीर हक्क वा दावा बजावण्यासाठी आवश्यक अशा माहितीच्या वापराला सूट ठेवलेली आहे.

१३३वे कलम पोलिसांच्या हाती आहे. गुन्ह्याचा आरोप असलेल्या वाहनाचा चालक कोण होता, त्याचे नाव, पत्ता व परवान्याचा तपशील सांगणे हे मालकावर बंधनकारक असते. ‘गाडी कोणीतरी नेली होती’ असे मोघम उत्तर पुरत नाही.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी पोलिसांना वेळापत्रकही घालून दिले आहे. प्राथमिक अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जायला हवा. भरपाईचा अर्ज करण्यासाठी जखमीला मालकाच्या गावी जावे लागत नाही. १६६व्या कलमानुसार अपघात घडला तेथे, अर्जदार राहतो तेथे किंवा प्रतिवादी राहतो तेथे अर्ज करता येतो. बार्शीच्या रहिवाशाला लातूरच्या ट्रकने धडक दिली, तरी त्याला लातूरचे हेलपाटे घालण्याचे कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असले, तरी ती पाळणेच शहाणपणाचे.

क्रमांक कोणी टिपलाच नाही आणि प्रयत्न करूनही वाहन सापडले नाही तर? अशा वेळी १६१व्या कलमाखाली मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. त्यासाठीचा अर्ज दावा चौकशी अधिकारी म्हणून काम पाहणाऱ्या उपविभागीय अधिकारी अथवा तहसीलदार यांच्याकडे करायचा असतो.

मालकानेही सावध असावे

नाव झाकलेले आहे म्हणून मालकाची जबाबदारी झाकली जात नाही. वाहन विकले, पैसे हाती आले, को‍ऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या आणि विषय संपला, असे समजणारे पुष्कळ आहेत. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात वाहन अनेक हातांतून गेले होते, पण नोंदवहीत पहिल्याच मालकाचे नाव राहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच टाकली.

५०व्या कलमानुसार, त्याच राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत, तर परराज्यात झाल्यास ४५ दिवसांत हस्तांतराची माहिती देणे आवश्यक आहे. घेणाऱ्यासाठी ही मुदत ३० दिवसांची आहे. जुने वाहन घेणाऱ्यानेही फुल्यांमागील नाव शोधण्याच्या खटपटीत न पडता विक्रेत्याकडे मूळ नोंदणी पुस्तिका व ओळखपत्र मागावे आणि चॅसिस क्रमांक स्वतः ताडून पाहावा. जो प्रामाणिक आहे, तो कागद दाखवण्यास कचरत नाही.

काय करावे?

- अपघात झाल्यास वाहनाचा पूर्ण क्रमांक, रंग, वेळ व दिशा लगेच लिहून ठेवावी आणि ११२ या क्रमांकावर कळवावे.
- हद्दीतील पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. मालकाच्या तपशिलासाठी १६०व्या कलमाचा उल्लेख करून लेखी मागणी करावी.
- दारासमोर कोणी वाहन लावून गेल्यास वाहतूक पोलिसांना क्रमांक कळवावा. मालकापर्यंत पोहोचणे हे त्यांचे काम आहे.
- ‘क्रमांक द्या, नाव-मोबाइल मिळवा’ असे सांगणाऱ्या खासगी संकेतस्थळांना व दलालांना पैसे देऊ नयेत. अशी माहिती कोठून आली, याचा जाब उद्या मागणाऱ्यालाही द्यावा लागू शकतो.
- चलनाचा संदेश आल्यास त्यातील दुवा अथवा फाइल न उघडता अधिकृत सरकारी संकेतस्थळावरच खात्री करावी.

बार्शीच्या रस्त्यावर धडक देऊन गेलेल्या वाहनाचा क्रमांक हाती असणे ही मोठी गोष्ट आहे. तो मोबाइलच्या पडद्यावर टाकून चिडण्यापेक्षा पोलीस ठाण्याच्या नोंदीत टाकला, तर फुल्या आपोआप गळून पडतात. कुतूहलाला नाव मिळत नाही, ते हक्काला मिळते. आपलेही नाव त्याच नोंदवहीत आहे, हे ध्यानी घेतले, तर हा भेद जाचक वाटणार नाही.