गाण्याची ओळखचिठ्ठी

आजचा विषय इतिहासाचा आहे असे म्हटले तर काहींना नवल वाटेल, कारण वरवर पाहता तो मोबाइलचा दिसतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्याकडील बाजारगावांत मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात गाणी भरून घेण्याची रीत होती. थोडे पैसे मोजले की दुकानदार भजने, नाट्यगीते, सिनेमाची गाणी शेकड्यांनी उतरवून देई. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि गाणे स्वतःजवळ बाळगण्याऐवजी ते दूरच्या कोठारातून, ज्याला स्ट्रीमिंग म्हणतात त्यातून, हवे तेव्हा ऐकण्याची सोय झाली. मग साहजिकच प्रश्न आला : माझ्या कार्डातील ही हजार गाणी त्या कोठारात आहेत काय? असतील तर ती कोणती? यंत्राने माझे गाणे हातात घेऊन ‘हेच ते’ असे म्हणावयाचे, ते कशाच्या आधारावर?

प्रश्न नवा वाटतो, पण ध्वनिमुद्रणाच्या धंद्याला हिंदुस्थानात पहिल्याच दिवसांत तो भेटलेला आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गायस्बर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गावे लागे, आणि दोन-तीन मिनिटांत सगळा राग आटोपावा लागे. मुद्रण कलकत्त्यास होई, परंतु तबकड्या तयार होत जर्मनीत, हॅनोव्हरच्या कारखान्यात. तिथल्या कामगारांना ना हिंदुस्तानी कळत होते, ना एका गायिकेचा गळा दुसरीपासून ओळखता येत होता. म्हणून गाणे संपता संपता गायिकेने स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारावयाचे, अशी युक्ती निघाली. त्या तबकड्या आजही ऐकावयास मिळतात. शेवटच्या तानेनंतर क्षणभर थांबून गौहरजान ठसक्यात आपले नाव सांगतात. पुष्कळांना ती मिजास वाटते. वस्तुतः ती मालावर बांधलेली चिठ्ठी होती. फरक एवढाच की ती मालाच्या आतच गुंफलेली असल्यामुळे गळून पडण्याची भीती नव्हती.

ह्या चिठ्ठीला आज मेटाडेटा म्हणतात. आपण तिला ओळखचिठ्ठी म्हणू. गाणे वेगळे आणि गाण्याविषयीची माहिती वेगळी. गाणे ऐकण्यासाठी माहिती लागत नाही, परंतु हजारांतून ते शोधण्यासाठी मात्र माहितीवाचून चालत नाही.

ग्रामोफोनच्या तबकडीवर लवकरच दोन क्रमांक येऊ लागले, आणि त्यांतला भेद नीट समजून घेण्यासारखा आहे. एक क्रमांक मधल्या कागदी लेबलावर छापलेला असे. तो विक्रीचा, सूचिपत्रातला. दुसरा लेबलाजवळच्या गुळगुळीत कड्यात कोरलेला असे. तो त्या विशिष्ट मुद्रणाचा. एकच मुद्रण पुढे दुसऱ्या तबकडीवर निराळ्या विक्रीक्रमांकाने निघू शके. पण कोरलेला क्रमांक तोच राही. म्हणून जाणते संग्राहक लेबल वाचून थांबत नाहीत. तबकडी उजेडाकडे तिरपी धरून तो कोरीव आकडा वाचतात. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था निघाली, आणि सुरेश चांदवणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’ ह्या पत्रिकेतून अशा तपशिलाची चिकाटीने नोंद केली. त्याच सुमारास मायकेल किनिअर ह्या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने हिंदुस्थानातील आरंभीच्या मुद्रणांच्या याद्या ग्रंथरूपाने छापल्या. हे काम रुक्ष आहे खरे; पण ते झाले नसते तर कोणते गाणे कोणाचे हा वाद आज मिटविता आला नसता.

मराठी संगीताच्या बाबतीत केवळ नावाने ओळख पटविणे किती अवघड आहे, ह्याचे एक चांगले उदाहरण घेऊ. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व. जन्म १८८८, मृत्यू १९६७. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकातील पदांना भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, आणि बालगंधर्वांनी ती गाजविली. त्यांच्या तबकड्या निघाल्या. पुढे तीच पदे कितीतरी गायक-गायिकांनी म्हटली. आपल्याकडे गीताला वेगळे नाव नसते. पहिली ओळ हेच त्याचे नाव. तेव्हा शंभर मुद्रणांचे नाव एकच. बरे, गायकाचे नाव पाहावे, तर २०११ साली ‘बालगंधर्व’ नावाचाच चित्रपट आला. त्यात पडद्यावरील बालगंधर्वांसाठी गळा होता आनंद भाटे यांचा, आणि त्या गायनाबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. म्हणजे गीताची ओळ तीच, नाटकही तेच, चिठ्ठीवर ‘बालगंधर्व’ हे नावही आहेच. पण एकीकडे ते गायकाचे नाव आहे आणि दुसरीकडे चित्रपटाचे. आजोबांच्या तबकडीवरून उतरवून घेतलेले खरखरते गाणे यंत्रापुढे ठेवले आणि चिठ्ठी निष्काळजीपणे लिहिलेली असली, तर यंत्र स्वच्छ, नवे, वाद्यवृंदासह असलेले गाणे पुढे करील. गाणे सुरेख असेल. पण ते मागितलेले नव्हे.

अब्दुल करीम खाँ यांचे उदाहरण आणखी अवघड आहे. मिरजेत स्थायिक झालेल्या ह्या गवयाने १९०५ च्या सुमारास मुद्रणे दिली, आणि पुन्हा १९३० नंतरच्या दशकात ओडियन कंपनीसाठी दिली. येथे गायकाचे नाव बिनचूक असले तरी उपयोग नाही, कारण दोन्हीकडे तेच आहे; मधे तीस वर्षांचा रियाज आहे, तो नावात उतरत नाही. आपल्या चिमूरच्या लढ्याशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांचे तर विचारूच नका. रचना त्यांची, त्यांच्या स्वतःच्या आवाजातील मुद्रणेही आहेत, आणि गावोगावची भजनी मंडळे तीच भजने खंजिरीवर म्हणतात. चिठ्ठीवर ‘तुकडोजी महाराज’ लिहिले तर ते कवीचे नाव की गाणाऱ्याचे?

कॅसेटचा काळ मी लवकर ओलांडतो. १९८० नंतर कॅसेट खेड्यापाड्यांत गेली ही तिची मोठीच कामगिरी. पण मूळ गाणी दुसऱ्यांकडून गाऊन घेऊन स्वस्तात विकण्याची टूमही तेव्हाच निघाली, आणि घरोघर एकीवरून दुसरी कॅसेट उतरविताना लेबल मागेच राहिले.

पुढची गोष्ट ऐकून हसू येईल. १९८२ साली बाजारात आलेली कॉम्पॅक्ट डिस्क ही त्या काळची सर्वांत प्रगत वस्तू. परंतु तिच्यात गाण्यांची नावे नव्हती! नावे डब्यातल्या कागदावर. संगणकात घातली की नुसते ‘गाणे एक, गाणे दोन’. तेव्हा १९९३ साली टी कान नावाच्या संगणकतज्ज्ञाने एक तोड काढली. प्रत्येक डिस्कवर कोणते गाणे कोठे सुरू होते, त्या आरंभस्थानांचा मेळ बहुधा दुसऱ्या डिस्कशी जमत नाही. म्हणून त्यावरूनच डिस्क ओळखावी आणि एकाने एकदा नावे लिहिली की ती सर्वांना मिळावीत. ही सूची सीडीडीबी. हजारो लोकांनी फुकट बसून नावे लिहिली. मग ती सूची एका कंपनीच्या मालकीची झाली आणि २००० साली तिचे नाव ग्रेसनोट पडले. ज्यांनी धान्य आणून टाकले त्यांनाच कोठाराच्या दारावर कुलूप दिसले. त्या रागातून ज्या खुल्या सूची निघाल्या त्यांपैकी रॉबर्ट के यांनी सुरू केलेली म्युझिकब्रेन्झ आजही चालू आहे. तेथे रचना, मुद्रण आणि बाजारात निघालेली आवृत्ती ह्यांच्या नोंदी अलग ठेवतात. लेबलाचा आणि कोरीव क्रमांकाचा जुना भेदच येथे पुन्हा आला. दरम्यान १९८६ साली मुद्रणांना बारा अक्षरांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक देण्याची पद्धत ठरली होती. पण तो क्रमांक कंपनीने मागून घ्यावा लागतो, आणि दुकानात भरून घेतलेल्या फायलीत तो सहसा नसतोच.

एमपीथ्री फायलीत नावे घालण्याची सोय १९९६ साली झाली. फायलीच्या शेवटी १२८ जागांची एक पट्टी. त्यात गीताच्या नावाला ३० जागा, कलावंताला ३०, संग्रहाला ३०, वर्षाला चार. रोमन अक्षराला एक जागा पुरते. देवनागरीचे एक अक्षर आजच्या पद्धतीने तीन जागा खाते. म्हणजे नाट्यपदाची अर्धी ओळही मावावयाची नाही. शिवाय ती पट्टी रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवूनच आखलेली. गीतकार, संगीतकार, नाटक, राग ह्यांना स्वतंत्र घर नाही. गीतप्रकारांची ऐंशी नावांची यादी ठरलेली होती. तीत भजन नव्हते, लावणी नव्हती, नाट्यसंगीत नव्हते. दोन वर्षांनी सुधारलेली पद्धत आली, तीत कवी आणि संगीतकार यांना घर मिळाले. पण तोवर लोकांना रोमनमध्ये वाटेल तसे लिहिण्याची सवय लागली होती. ‘व’ साठी दोन अक्षरे चालतात, दीर्घ ‘आ’ कोणी एकदा लिहितो, कोणी दोनदा. एका बालगंधर्वांचे चार बालगंधर्व होतात.

नावावर विसंबल्याने काय होते, हे साऱ्या जगाने २०१५ साली पाहिले. ॲपल कंपनीने २०११ मध्ये आपली जुळणीची सेवा सुरू केली होती. तुमच्या फायली तपासावयाच्या, आमच्या कोठारात असतील त्या तेथून द्यावयाच्या, नसतील त्या वर चढवावयाच्या. ती ध्वनीवरून जुळणी करी. परंतु २०१५ साली निघालेल्या ॲपल म्युझिकमध्ये आरंभी जुळणी मुख्यतः चिठ्ठीवरून होई, आणि मैफलीत मुद्रित केलेल्या गाण्याच्या जागी स्टुडिओतले गाणे येऊन बसले अशा तक्रारींचा ओघ लागला. पुढल्या वर्षी कंपनीने तेथेही ध्वनीचा ठसा तपासण्याची पद्धत आणली. हा ठसा म्हणजे आवाजाच्या आलेखातील ठळक बिंदू आणि त्यांच्यामधील अंतरे. लंडनच्या शझाम कंपनीने २००२ सालीच फोनवरून ऐकविलेले गाणे अशा रीतीने ओळखून दाखविले होते. ठसा घेतला की बालगंधर्व आणि आनंद भाटे ह्यांत गल्लत होत नाही. तरीही जुन्या तबकड्यांपुढे तो अडतो. आरंभीच्या तबकड्यांची गती एकसारखी नसे. सत्तर फेऱ्यांची तबकडी कोणी अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर वाजवून उतरविली, तर काळी एकचा गळा काळी दोनचा होऊन बसतो, आणि ठसा जुळत नाही.

आणि ठसा जुळावयाचा तर तो आधी कोठारात असावयास हवा. येथे आपण घराकडे येतो. झाडीपट्टीची रंगभूमी भाऊबीजेच्या सुमारास जागी होते आणि उन्हाळा लागेपर्यंत रात्र रात्र गात असते. मंडळ्यांचे व्यवहार वडशाला, प्रयोग खेड्याखेड्यांत शंकरपटाच्या निमित्ताने. ह्याच कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना ह्या रंगभूमीवरील कामाबद्दल २०२३ साली पद्मश्री मिळाली. पुरस्कार दिल्लीहून आला. पण ह्या रंगभूमीवर रंगमंचावरच म्हटलेली जी पदे प्रेक्षकांनी आपापल्या मोबाइलवर टिपली, त्यांना ना कोरीव क्रमांक, ना बारा अक्षरांचा. त्यांच्या फायलींची नावे म्हणजे नुसती तारीख आणि आकडे. जुळणीची कोणतीही सेवा त्यांच्यापुढे हात टेकते. किंवा त्याहून वाईट म्हणजे, चाल एखाद्या प्रसिद्ध पदाची असली आणि कोणी हौसेने त्या पदाचे नाव घातले असले, तर चिठ्ठीवर चालणारे यंत्र प्रसिद्ध पद पुढे करून मोकळे होते.

शिवाय कोठारेही टिकत नाहीत. स्वतःची गाणी चढवून ठेवण्याची सोय असलेले गूगल प्ले म्युझिक २०२० साली बंद झाले, विंक २०२४ साली. तेव्हा ‘जुळले’ असे यंत्राने सांगितले म्हणून मूळ फाइल पुसून टाकणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. जी जुळत नाहीत ती तर दुप्पट जपावीत, कारण ती कदाचित जगात एकाच ठिकाणी आहेत.

त्यांची चिठ्ठी लिहावयास फार विद्या लागत नाही. नाटकाचे नाव, मंडळाचे नाव, पद म्हणणाऱ्याचे, पेटीवाल्याचे आणि तबलजीचे नाव, गाव, तारीख. देवनागरीत, आणि जमल्यास एका ठरावीक रीतीने रोमनमध्येही. पडदा उघडण्यापूर्वी ह्यांतली बरीचशी माहिती ध्वनिक्षेपकावरून पुकारली जाते. बहुतेक जण मोबाइल सुरू करतात तो मात्र ती पुकार संपल्यावर, पेटीचा पहिला सूर लागला म्हणजे.