नाव सांगून ठेवा

तर झालं असं, की गेल्या शनिवारी फोनने विचारलं, "मेमरी कार्ड फॉरमॅट करायचं का?" आणि मी अर्धवट झोपेत 'हो' दाबलं. ऑफिसात बॅकअपवर प्रवचनं देणारा मी! पंधरा वर्षांत जमवलेली सगळी गाणी गेली, आणि त्यांच्यासोबत आजीच्या ओव्यांची रेकॉर्डिंगंसुद्धा.

सुदैवाने अशा झटपट फॉरमॅटमध्ये अनेकदा फक्त नोंदवही कोरी होते. कुठली फाईल कुठे ठेवलीय हे लिहिलेलं पुसलं जातं, फाईल मात्र जागेवरच असते. ग्रंथालयातलं रजिस्टर जळलं तरी पुस्तकं कपाटात असावीत, तसं. फोटोरेक नावाचा एक फुकट प्रोग्रॅम ते कार्ड सलग वाचत जातो आणि ओळखीची सुरुवात दिसली की तिथून फाईल उचलतो. चार तासांत गाणी परत आली. पण नावं? ती तर रजिस्टरमध्ये होती! आता प्रत्येक गाण्याचं नाव म्हणजे 'एफ' आणि पुढे नुसते आकडे.

तेव्हा मला गौहर जान आठवल्या.

नोव्हेंबर १९०२मध्ये ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात गाणी ध्वनिमुद्रित करायला आला. तेव्हा तबकड्या इथे बनत नसत. मेणावरचं मुद्रण बोटीने जर्मनीत, हॅनोव्हरच्या कारखान्यात जायचं. तिथल्या कारागिराला ठुमरी काय आणि खयाल काय, सगळं सारखंच. कुठलं गाणं कोणाचं हे त्याला कळावं म्हणून गाणं संपलं की गायकाने आपलं नाव मोठ्याने सांगायचं. तीन मिनिटांचं गाणं संपवून गौहर जान ठसक्यात इंग्रजीतून आपलं नाव सांगतात, ते ऐकून आज आपल्याला मजा वाटते. पण ती मिजास नव्हती, ते लेबल होतं! १९०८मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला आणि पुढे ही प्रथा हळूहळू मागे पडली.

नव्वद वर्षांनी एमपी-थ्री आलं आणि तोच घोळ पुन्हा झाला. गाणं छान दाबून लहान केलं, पण गाण्याचं नाव लिहायला त्यात जागाच ठेवली नव्हती. १९९६मध्ये एरिक केम्प याने त्यावर जुगाड केला: फाईलच्या अगदी शेवटी १२८ बाइट. त्यात 'टॅग' या शब्दाचे ३, गाण्याचं नाव, गायक आणि अल्बम यांना प्रत्येकी ३०, साल ४, शेरा ३०, प्रकार १. (बेरीज करून बघा, बरोबर येते.) शेवटीच का? तर सुरुवातीला काही अनोळखी दिसलं असतं तर जुने प्लेअर अडखळले असते. म्हणजे पुन्हा गाणं संपल्यावरच नाव! ३० अक्षरांत लांब नावं कापली जायची आणि देवनागरीला तर जागाच नव्हती. १९९८च्या दुसऱ्या आवृत्तीत टॅग फाईलच्या सुरुवातीला गेला आणि देवनागरीचीही सोय झाली.

मग काय, पायथॉनमध्ये वीसेक ओळी खरडल्या: टॅग वाच, फाईलला नाव दे. रविवारी दुपारपर्यंत बहुतेक गाण्यांना आपापली नावं मिळाली होती.

राहिली आजी. तिच्या फाईलींची नावं मीच दिलेली, पण टॅगमध्ये काहीच भरलं नव्हतं. एकेक ऐकून अकरा शोधल्या. एकीत तिच्याबरोबर दुसरी एक बाई गातेय. छान, मोकळा आवाज. आईला ऐकवलं. "नाशिकची मावशी असेल... की शेजारच्या काकू?" तिला नक्की सांगता येईना. ज्यांना विचारायचं, त्या आजीला जाऊन सहा वर्षं झाली.

असो. आता दोन ठिकाणी बॅकअप आहे. आणि काल आईला आठवतात तेवढ्या ओव्या म्हणायला लावल्या. शेवटी म्हटलं, "आता नाव, गाव, तारीख सांग."

"का रे, आईला ओळखत नाहीस?" ती म्हणाली. पण सांगितलं.