पहिलं विमान कुणाचं?

कोरेगाव भीमात, नगर रस्त्यालगतच्या एका गॅरेजात जुना मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर दुरुस्तीला आला होता. मिस्त्रीचाचा त्याच्या डिझेलच्या नळ्या साफ करत होते आणि जुन्या यंत्रांचे आम्ही चार-पाच शौकीन चहा घेत भोवती बसलो होतो. गप्पा ट्रॅक्टरवरून विमानांवर गेल्या. एक दादा म्हणाले, "पहिलं विमान आपल्या तळपद्यांनी उडवलं. १८९५, चौपाटीवर. राइट बंधू नंतरचे." आमच्यातला एक तरुण उसळला, "त्याच्या हजार वर्षं आधी अब्बास इब्न फिरनास उडाला होता!" मग दोघेही माझ्याकडे बघू लागले.

मी दोघांनाही विचारले, सनद काय? हदीसच्या अभ्यासात वचन कितीही गोड असो, आधी सनद तपासतात. कोणी कोणाकडून ऐकले, मधली कडी कुठे तुटते, हे पाहतात. विमानालाही तीच कसोटी लावायला काय हरकत आहे?

शिवकर बापूजी तळपदे खरेच होऊन गेले आणि विमानविद्येचा त्यांना ध्यासही होता. पण १८९५च्या उड्डाणाचा त्या काळातला भक्कम पुरावा समोर आलेला नाही. याच संदर्भात ज्या 'वैमानिक शास्त्रा'चे नाव घेतात, त्याची तपासणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४मध्ये केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आता आमचा इब्न फिरनास. कुर्तुबाचा हा विद्वान ८८७मध्ये वारला. तो पंख लावून उडाला आणि उतरताना पाठीवर आपटला, हे सविस्तर सांगतो अल-मक्करी, जो सतराव्या शतकातला. मक्करी जुन्या कवीच्या एका ओळीचा आधार देतो, म्हणून गोष्ट अगदीच निराधार नाही. तरी मधे सातशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. तळपद्यांना हसायचे आणि फिरनासला डोळे मिटून मानायचे, हा न्याय नाही.

राइट बंधूंचे पहिले उड्डाण जेमतेम १२ सेकंदांचे, १२० फुटांचे. पण १७ डिसेंबर १९०३च्या त्या उड्डाणाला पाच साक्षीदार आहेत, छायाचित्र आहे.

"आणि विमानाची गोष्ट तर या ट्रॅक्टरच्या नावातच आहे," मी म्हणालो. हॅरी फर्ग्युसन हा आयरिश शेतकऱ्याचा मुलगा, बेलफास्टला भावाच्या गॅरेजात मेकॅनिक. ३१ डिसेंबर १९०९ रोजी त्याने स्वतः बांधलेले विमान सुमारे १३० यार्ड उडवले. आयर्लंडमध्ये विमान उडवणारा तो पहिला. पुढे तो नांगराकडे वळला. तेव्हा नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जाई. फाळ दगडात अडकला की ट्रॅक्टर पुढून उचलून चालकावर उलटे. फर्ग्युसनने नांगर तीन ठिकाणी जोडला आणि त्याला हायड्रॉलिकची लिफ्ट दिली. त्यामुळे नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन हलका ट्रॅक्टरही जड काम करू लागला. आज शिरूर-दौंडच्या शेतांत रोटाव्हेटर जोडतात, तो याच तीन सांध्यांवर.

दादा जरा नाराज दिसले, तरुणही. मला ते समजत होते. पण हे गाव कोरेगाव भीमा आहे. १ जानेवारी १८१८च्या लढाईचा जयस्तंभ नदीपलीकडे, पेरण्याला आहे. बरोबर दोनशे वर्षांनी त्याच तारखेला इथे दगडफेक, जाळपोळ झाली, एक जीव गेला. इतिहास कुणाचा, या वादाची किंमत इथल्या माणसांना कुणी वेगळी सांगायला नको. म्हणून विमानासारख्या निरुपद्रवी गप्पांतही सनद मागायची सवय मला मोलाची वाटते. आधी आपल्याच माणसाकडून मागायची.

तेवढ्यात चाचांनी ट्रॅक्टर सुरू केला. "कोण उडालं ते तुम्ही ठरवा," ते म्हणाले, "मला आधी लिफ्ट उचलते का ते बघू द्या." उचलली.