तबकडीवरची लग्नं

पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सूर्या नदीच्या काठाला मासवण आहे. वसई-विरारच्या नळांना मिळणारं सूर्येचं पाणी इथल्या पंपांनी उचललं जातं, त्यामुळे बाहेरच्या माणसाला गाव ठाऊक असतं ते पाणीयोजनेमुळे. गावाची आणि आसपासच्या पाड्यांची आणखी एक ठेव मात्र घरोघरच्या कपाटांत, साड्यांच्या घड्यांखाली पडून आहे. ती म्हणजे लग्नाच्या सीडी आणि डीव्हीडी. हळद, वरात, मांडवातली पंगत, वारली लग्नात भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठानं लिहिलेला चौक, लग्नविधी लावणारी धवलेरी. पालघर, बोईसर, मनोर या पट्ट्यातल्या एका पिढीचा संसार सुरू झाला तो क्षण या बारा सेंटिमीटरच्या तबकड्यांवर आहे.

या तबकड्या तयार करणारा धंदा साधारण दशकभर जोरात चालला आणि मग पाहता पाहता विरला. बाजारपेठेतले फोटो स्टुडिओ, शूटिंगवाले आणि संगणकाची छोटी दुकानं यांच्या हातून तो चालला. यंत्र वरचेवर अडायचं. मदतीला कंपनीचा माणूस नसायचा. बिघाड का झाला हे ज्याचं त्यानंच शोधायचं. त्या शोधातून ग्रामीण भागातली अनेक तरुण मुलं संगणक खऱ्या अर्थानं शिकली. आज त्या तबकड्या वाचवायच्या असतील, तर तीच विद्या पुन्हा लागणार आहे.

तबकड्यांआधी लग्नाची ‘कॅसेट’ असे, व्हीएचएसची. ती पाहायला व्हीसीआर लागे आणि तो बहुतेकांना भाड्यानं आणावा लागे. १९९३ मध्ये व्हीसीडीचं, म्हणजे व्हिडिओ सीडीचं, प्रमाण ठरलं आणि काही वर्षांतच स्वस्त प्लेअर गावोगाव पोचले. व्हीसीडीवर ७४ मिनिटांचं चित्रण मावे, चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. एक लग्न दोन-तीन तबकड्यांत वाटलं जाई. डीव्हीडीचे प्लेअर १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये विक्रीला आले. घरच्या संगणकावर डीव्हीडी लिहिणारी यंत्रं सामान्य दुकानदाराच्या आवाक्यात यायला पुढची आठ-नऊ वर्षं गेली. ती आली तेव्हा दोन तासांचं लग्न, व्हीसीडीपेक्षा कितीतरी स्वच्छ, एकाच तबकडीवर बसू लागलं.

माल यायचा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. ग्रँट रोड स्टेशनाला लागून असलेला हा रस्ता पश्चिम रेल्वेच्या एकाच मार्गानं पालघर-बोईसरशी जोडलेला आहे. मुंबईची लोकल डहाणूपर्यंत धावू लागली ती एप्रिल २०१३ मध्ये. तोवर विरारला उतरून शटल धरावी लागे, किंवा लांब पल्ल्याच्या गाडीत जागा शोधावी लागे. पन्नास-शंभर कोऱ्या तबकड्यांचे गठ्ठे आणि त्या लिहिणारे रायटर या गाड्यांतून यायचे. एखादा गठ्ठा खराब निघाला, तर तो बदलून आणायला पुन्हा पूर्ण दिवस मोडायचा. म्हणून बिघाड यंत्रात आहे, संगणकात आहे की तबकडीत आहे, हे जागेवरच ठरवणं भाग होतं.

संगणक हाताळायची माणसंही याच सुमारास तयार होत होती. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, २००१ मध्ये स्थापन झालं आणि पाठोपाठ एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत निघाले. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र हवंच, म्हणून दहावी-बारावी झालेली मुलं तिथं बसली. माउस, फोल्डर आणि टायपिंग त्यांना वर्गात समजलं. तबकडी अर्ध्यावर का फसते, हे मात्र त्यांना स्टुडिओच्या मागच्या खोलीत कळलं.

ती का फसते हे कळायला तबकडी लिहिली कशी जाते हे पाहावं लागतं. कोऱ्या डीव्हीडीत ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन पारदर्शक चकत्यांमध्ये सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो. लिहिताना ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेसर त्या थरावर ठरावीक जागी उष्णता देतो. तिथला रंग कायमचा बदलतो आणि त्या जागेवरून प्रकाश कमी परततो. या खुणा आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेवर पडतात आणि रेषेच्या दोन वळणांत अंतर असतं अवघं ०.७४ मायक्रोमीटर. एकदा उमटलेली खूण पुसता येत नाही. त्यामुळे चुकलेली तबकडी थेट कचऱ्यात जाते.

लेसर एकदा सुरू झाला की त्याला माहिती अखंड मिळाली पाहिजे. डीव्हीडीचा मूळ वेग सेकंदाला सुमारे १.३८ एमबी. आठपट वेगानं लिहायचं तर सेकंदाला ११ एमबी पुरवावे लागतात. रायटरच्या पोटात बहुधा २ एमबीचा साठा असे, म्हणजे पुरवठा थांबला तर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात तो रिकामा. सुरुवातीच्या सीडी रायटरवर त्याच क्षणी तबकडी वाया जायची. २००० साली सान्यो कंपनीनं लेसर थांबवून नेमक्या जागेवरून पुन्हा सुरू करण्याची युक्ती बाजारात आणली आणि पुढे ती सगळ्या रायटरांत आली. तबकडी वाचू लागली, पण वारंवार थांबून लिहिलेल्या तबकडीवरचे जोड जुन्या प्लेअरला खुपायचे. ‘सप्तपदीत सीडी अडकते’ ही तक्रार अशीही जन्माला येई.

लॅपटॉपवर हे दुखणं अधिक. त्याची हार्ड डिस्क मिनिटाला ४२०० किंवा ५४०० फेऱ्यांची, म्हणजे टेबलावरच्या संगणकापेक्षा संथ. त्यात अँटिव्हायरस मागे चालू असला की पुरवठा तुटे. विंडोज एक्सपीमध्ये आणखी एक आडवाट होती. माहिती वाहून नेताना सहाहून अधिक वेळा चूक झाली की प्रणाली आपणहून डीएमए ही जलद पद्धत सोडून पीआयओ या जुन्या, संथ पद्धतीवर उतरायची आणि तिथंच राहायची. वरवर काहीच बिघडलेलं दिसत नसे. फक्त पंधरा मिनिटांची डीव्हीडी तासभर चाले आणि शेवटी फसे. यावरचा उपाय कारागिरांनी एकमेकांना तोंडी शिकवला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जायचं, ड्राइव्ह जोडलेला आयडीई चॅनेल काढून टाकायचा आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. प्रणाली त्याला नव्यानं ओळखे आणि जलद पद्धत परत येई.

दुसरा बिघाड याहून घाबरवणारा होता. सकाळी लॅपटॉप उघडला की डीव्हीडी ड्राइव्हच ‘माय कॉम्प्युटर’मधून नाहीसा झालेला असायचा. एकाच संगणकावर तबकडी लिहिणारी दोन सॉफ्टवेअर टाकली, त्यातलं एक अर्धवट काढलं, की रजिस्ट्रीत त्याचे अवशेष राहत. अपर फिल्टर्स आणि लोअर फिल्टर्स या दोन नोंदी खोडल्या की ड्राइव्ह परत दिसे. ज्याला हे ठाऊक नव्हतं, त्यानं चांगला ड्राइव्ह बदलून टाकला. ज्याला ठाऊक होतं, त्याच्याकडे पंचक्रोशीतले लॅपटॉप येऊ लागले.

बाहेरून यूएसबीनं जोडायच्या रायटरचीही एक मेख होती. जुन्या लॅपटॉपवरची यूएसबी १.१ सेकंदाला जेमतेम १ एमबी वाहून नेते. डीव्हीडीच्या सर्वांत मंद वेगालाही ते पुरत नाही. रायटर नवा, तबकडी नवी आणि तरी काम होत नाही, याचं उत्तर त्या एका आकड्यात होतं.

काही दोष तबकडीचेच. डीव्हीडी मायनस आर हे प्रमाण १९९७ च्या सुमाराचं, तर प्लस आर २००२ चं. दोन्ही दिसायला सारख्या, पण गिऱ्हाइकाच्या घरचा जुना प्लेअर एकच वाचायचा. लिहिण्याआधी रायटर तबकडीच्या आतल्या कडेला लेसर किती तीव्र हवा याची चाचणी घेतो. हलक्या प्रतीच्या रंगाचा अंदाज त्याला आला नाही की ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ हा संदेश येई. अशा वेळी गठ्ठा बदलायचा किंवा वेग सोळावरून चारवर आणायचा. वेग फार उतरवला तरी बिघडतं, कारण प्रत्येक रंगाला ठरावीक वेगाची उष्णता मानवते, हेही अनुभवानंच कळलं.

मग कडेचा प्रश्न. वेष्टनावर ४.७ जीबी छापलेलं, पण संगणक दाखवतो ४.३७. कंपनी जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, एवढाच हा फरक. पण हळद, लग्न आणि पूजा सगळं एकाच तबकडीवर हवं, असा वधूपित्याचा आग्रह असे. तीन तासांचं चित्रण दाबून बसवलं की नाचाच्या दृश्यात चौकोन दिसत. काठोकाठ भरलेली तबकडी बाहेरच्या कडेला आधी खराब होते, कारण ओरखडे आणि बोटांचे ठसे तिथंच जास्त. जाणते कारागीर म्हणून कडेची जागा थोडी मोकळी सोडत आणि तबकडीवर कागदी लेबल चिकटवत नसत. जरा वाकडं चिकटलेलं लेबल फिरणाऱ्या तबकडीचा तोल घालवतं.

विजेचा हिशेब वेगळाच. तारापूरच्या अणुवीज केंद्रातल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या. ५४० मेगावॉटच्या आणखी दोन २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. पण ती वीज ग्रिडमध्ये जाते, आणि नेमक्या त्याच वर्षांत राज्याच्या ग्रामीण भागाला तासन्‌तास भारनियमन सोसावं लागत होतं. ऐन एप्रिल-मेच्या लग्नसराईत लाइट गेली की टेबलावरचा संगणक बंद आणि आतली तबकडी वाया. लॅपटॉपची बॅटरी इथं उपयोगी पडे, पण लेसर आणि मोटर दोन्ही चालवताना जुनी बॅटरी मध्येच दम सोडायची. त्यात बॅटरीवर गेलेला लॅपटॉप वीज वाचवायला स्वतःचा वेग उतरवतो. म्हणून पॉवर सेटिंगमध्ये जाऊन ‘स्लीप मोड’ बंद करणं, हे तबकडी टाकण्याआधीचं पहिलं काम झालं. पावसाळ्यात किनारपट्टीची दमट हवा लेन्सवर धुकं धरायची, उन्हाळ्यात रस्त्याची धूळ बसायची. लॅपटॉपच्या सपाट ड्राइव्हचा ट्रे उघडला की लेन्स समोरच दिसते. मऊ कोरड्या ब्रशनं ती पुसली की अनेक ‘मेलेले’ ड्राइव्ह वाचू लागत.

तबकडीला या काळात अधिकृत जगातही वजन आलं. नोएडाच्या मोझर बेअर कंपनीनं २००७ मध्ये चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या, आणि मराठी चित्रपटही त्या दरात मिळू लागले. नकली प्रतींचा धंदा एवढा वाढला होता की महाराष्ट्रानं २००९ मध्ये झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी असलेल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओ पायरसी करणाऱ्यांनाही आणलं. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीचा वाद तर तबकड्यांवरूनच गाजला. अर्ज वेळेत भरला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या व्हीसीडींवरून पाहायचं होतं आणि त्यांना जोडायचं प्रमाणपत्र मिळत नव्हतं. १४ जुलै २०२० रोजी खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूळ उपकरण हजर केलं नसेल, तर प्रतीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र हवंच.

निकाल लागेपर्यंत धंदा संपला होता. २००८ मध्ये अ‍ॅपलचा मॅकबुक एअर तबकडीच्या ड्राइव्हविना आला आणि हळूहळू बाकीच्या कंपन्यांनीही ड्राइव्ह काढून टाकले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर लग्नाचे व्हिडिओ मोबाइलवरच फिरू लागले. मोझर बेअर दिवाळखोरीत गेली आणि २०१८ मध्ये अवसायनात निघाली. स्टुडिओवाले पेनड्राइव्ह देऊ लागले.

आता उरल्या आहेत त्या कपाटातल्या तबकड्या. त्यांतल्या बऱ्याच वीस वर्षांच्या होत आल्या. सेंद्रिय रंग उन्हानं आणि उष्णतेनं फिका पडतो, चकत्यांच्या कडेतून ओल शिरते. वारली लग्नातल्या धवलेरींची गाणी ही तोंडी परंपरा. ज्या वृद्ध धवलेरी आज नाहीत, त्यांचा आवाज अशा एखाद्याच प्रतीत असू शकतो. हा ऐवज जाऊ देण्याजोगा नाही.

तो वाचवायला फार साधनं लागत नाहीत. तबकडी मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल फिरवून नाही. नव्या लॅपटॉपला यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह जोडायचा. एका ड्राइव्हनं वाचली नाही तर दुसऱ्यात, शक्यतो जुन्या टेबल-संगणकाच्या मोठ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहायची, कारण प्रत्येक लेन्सची वाचायची कुवत वेगळी असते. ‘तबकडी कोरी आहे’ असा संदेश आला तरी ती फेकायची नाही. कदाचित लिहिणाऱ्यानं ती फायनलाइज, म्हणजे लिहून झाल्यावर बंद, केली नसेल, आणि ज्या जातीच्या रायटरवर ती लिहिली, त्यावर ती उघडूही शकते. खराब जागा ओलांडून उरलेलं वाचणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत. ती एकेका तबकडीला रात्रभर घेतील, पण बहुतेक चित्रण बाहेर काढतील. शाळांच्या संगणक खोल्या आणि ग्रामपंचायती उन्हाळ्याच्या सुटीत हे काम सहज उचलू शकतात, आणि ते शिकवायला त्या काळातले स्टुडिओवाले पालघर-बोईसरमध्येच आहेत. १२८ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर काठोकाठ भरलेल्या २७ डीव्हीडी बसतात, म्हणजे एका पाड्यावरच्या कित्येक वर्षांच्या लग्नसराया. त्याची दुसरी प्रत वेगळ्या घरी ठेवावी आणि मूळ तबकडीही सावलीत, कोरड्या जागी, उभी जपावी.