बर्मिंगहॅममधील शस्त्रनिर्मात्यांचा इतिहास : कारागिरी, बाजारपेठ आणि नैतिक जबाबदारी

प्रस्तावना

औद्योगिक क्रांतीच्या इतिहासात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराचे नाव प्रामुख्याने बोल्टन आणि वॅट यांच्या वाफेच्या इंजिनाशी जोडले जाते. बटणे, दागिने, खिळे, लेखणीच्या निबा अशा असंख्य धातूच्या वस्तूंमुळे ते ‘हजार व्यवसायांचे शहर’ म्हणून ओळखले गेले. याच शहरातील बंदूकनिर्मितीकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष तुलनेने उशिरा वळले. वस्तुतः शासनाची मागणी, परदेशी बाजारपेठ आणि कारागिरांचे कौशल्य यांचा परस्परसंबंध समजून घेण्यासाठी हा व्यवसाय विशेष महत्त्वाचा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकापर्यंत या व्यवसायाची रचना कशी बदलत गेली आणि त्या रचनेमुळे शस्त्रनिर्मात्याच्या जबाबदारीचा प्रश्न कोणत्या स्वरूपात उभा राहिला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यवसायाचा उदय

बर्मिंगहॅम हे दीर्घकाळ सनद नसलेले गाव होते. त्याला नगरपालिकेचा दर्जा १८३८ मध्ये आणि शहराचा दर्जा १८८९ मध्ये मिळाला. लंडनमध्ये बंदूककारांच्या संघाला सतराव्या शतकातच राजसनद मिळाली होती. बर्मिंगहॅममध्ये अशी बंधने नव्हती. बाहेरून आलेल्या कारागिराला तेथे मुक्तपणे भट्टी घालता येत असे. दक्षिण स्टॅफर्डशायरमधील लोखंड व दगडी कोळसा जवळच उपलब्ध होता. इंग्लंडमधील यादवी युद्धात येथील लोहारांनी पार्लमेंटच्या सैन्याला तलवारींची पाती पुरविली आणि एप्रिल १६४३ मध्ये राजपुत्र रूपर्टच्या सैन्याने गावावर हल्ला करून जाळपोळ केली. शस्त्रनिर्मिती हा केवळ नफ्याचा व्यवसाय नसून त्यात राजकीय बाजू घेणे अटळ असते, याचा अनुभव या गावाला असा प्रारंभीच आला.

बंदुकांच्या शासकीय पुरवठ्याचा प्रारंभ १६८९ नंतर झाला. फ्रान्सशी युद्ध सुरू असल्याने तिसऱ्या विल्यमच्या शासनाला शस्त्रांची निकड होती. वॉरिकशायरचे प्रतिनिधी सर रिचर्ड न्यूडिगेट यांच्या प्रयत्नांतून स्थानिक कारागिरांना कामाची संधी मिळाली. १६९३ च्या प्रारंभी पाच बंदूककारांशी करार होऊन दरमहा २०० बंदुका, प्रत्येकी १७ शिलिंग दराने, पुरविण्याचे ठरले. लंडनची मक्तेदारी यामुळे शिथिल झाली.

श्रमविभागणीचे स्वरूप

बर्मिंगहॅमच्या बंदूक व्यवसायाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याची विखुरलेली रचना. ‘बंदूककार’ म्हणून ज्याचे नाव बंदुकीवर कोरले जाई, तो बहुधा स्वतः बंदूक घडवीत नसे. नळी जोडणारा, नळीला आतून छिद्र पाडणारा, ती सहाणेवर घासणारा, चापाचे भाग ठोकणारा, कानशीने ते जुळविणारा, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता कोरणारा, संगीन घडविणारा आणि अखेरीस सर्व भागांची जुळणी करणारा असे अनेक स्वतंत्र कारागीर या साखळीत असत. चापाचे काम बरेचसे वेन्सबरी व डार्लस्टन या शेजारच्या गावांत होई. स्टीलहाउस लेन आणि सेंट मेरी चर्चच्या परिसरातील गल्ल्यांमधून अर्धवट तयार झालेले भाग एका कार्यशाळेतून दुसरीकडे हातोहात जात. हाच परिसर पुढे ‘गन क्वार्टर’ म्हणून प्रसिद्धीस आला.

या पद्धतीत भांडवल कमी लागे आणि मागणीनुसार उत्पादन वाढविता अथवा कमी करता येई. युद्ध संपताच काम थांबे. त्याचा फटका मात्र मुख्यतः कारागिरांना बसे, मक्ता घेणाऱ्या व्यापाऱ्याला नव्हे. लंडनचे अनेक नामवंत बंदूककारही नळ्या व चाप बर्मिंगहॅमहून मागवीत. नेपोलियनविरुद्धच्या युद्धकाळात या गल्ल्यांनी शासनाला १७ लाखांहून अधिक बंदुका पुरविल्या. यावरून लहान कार्यशाळांच्या सामूहिक क्षमतेची कल्पना येते.

आफ्रिका आणि भारत

शासकीय मागणी खंडित झाली की निर्यात हाच आधार असे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या खरेदीत बंदुका हे विनिमयाचे एक प्रमुख साधन होते आणि त्यांतील मोठा भाग बर्मिंगहॅमचा होता. या बंदुकांपैकी पुष्कळ अत्यंत हलक्या प्रतीच्या असत व बार काढताना फुटत. बर्मिंगहॅमच्या मालाविषयीचा हा अविश्वास दूर करण्यासाठी आणि लंडनच्या परीक्षागृहावरील अवलंबन टाळण्यासाठी १८१३ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने बर्मिंगहॅममध्ये स्वतंत्र परीक्षागृह स्थापन झाले. त्याचा खर्च व्यावसायिकांनीच उचलला. नळीत नेहमीपेक्षा अधिक दारू ठासून बार काढावयाचा आणि ती टिकल्यास शिक्का उमटवावयाचा, अशी तेथील पद्धत होती. हे परीक्षागृह आजही कार्यरत आहे.

भारताशी या इतिहासाचा संबंध निकटचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांसाठी ३९ इंची नळीची, घडविण्यास सोपी व स्वस्त अशी ‘इंडिया पॅटर्न’ बंदूक वापरात होती. १७९३ नंतर फ्रान्सशी युद्ध भडकताच ब्रिटिश शासनाने कंपनीचे साठे विकत घेतले आणि १७९७ मध्ये हाच नमुना आपल्या सैन्यासाठी स्वीकारला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर शिंदे-भोसले यांच्या सैन्यासमोर उभ्या राहिलेल्या इंग्रजी पलटणींमागे शस्त्रपुरवठ्याची ही व्यवस्था होती. तोफा ओतण्याचे कारखाने शिंद्यांकडेही होते. मात्र युद्धामागून युद्धांची झीज भरून काढणारे विस्तृत औद्योगिक क्षेत्र कंपनीच्या पाठीशी होते. मराठ्यांच्या पराभवाची कारणमीमांसा करताना हा घटक दुर्लक्षून चालणार नाही.

गाल्टन प्रकरण

या व्यवसायातील नैतिक पेच सॅम्युअल गाल्टन यांच्या प्रकरणात स्पष्ट होतो. गाल्टन हे स्टीलहाउस लेनमधील मोठे बंदूक व्यावसायिक, ल्यूनर सोसायटीचे सदस्य आणि युद्धविरोधी अशा क्वेकर पंथाचे अनुयायी होते. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध १७८७ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या समितीच्या बारा संस्थापकांपैकी नऊ क्वेकर होते. अशा वातावरणात पंथीयांचा बंदुकांचा धंदा खटकू लागला आणि १७९५ मध्ये गाल्टन यांच्याकडे विचारणा झाली.

१७९६ मध्ये गाल्टन यांनी लेखी उत्तर दिले. शस्त्रे संरक्षणासाठीही लागतात. जव पिकविणारा शेतकरी मद्यपीच्या अधःपाताला जबाबदार नसतो, तसाच बंदूककार तिच्या दुरुपयोगाला नसतो. आणि युद्धासाठी कर भरणारे तसेच गुलामांच्या श्रमातून आलेला माल वापरणारे पंथीयही त्या व्यवस्थेचे भागीदारच आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच वर्षी पंथाने त्यांना सदस्यत्वातून वगळले. गाल्टन कुटुंबाने पुढे १८०४ मध्ये पेढी सुरू केली.

प्रिया सतिया यांच्या २०१८ मधील ‘एम्पायर ऑफ गन्स’ या ग्रंथाने हे प्रकरण पुन्हा चर्चेत आणले. गाल्टन यांचा बचाव स्वार्थप्रेरित होता हे खरे. तथापि त्यात तथ्यही होते. ज्या शहरात खिळा घडविणारा, कोळसा पुरविणारा आणि कर्ज देणारा असे सर्वजण युद्धाच्या मागणीवर जगत होते, तेथे एकालाच दोषी ठरविणे कठीण होते. परंतु सर्व भागीदार आहेत, यावरून कोणीच जबाबदार नाही असा निष्कर्ष निघत नाही. नेमका हाच निष्कर्ष काढण्याची सोय श्रमविभागणीने करून दिली होती.

यंत्रयुग आणि ऱ्हास

क्रिमियन युद्धाच्या काळात एनफिल्ड येथील शासकीय कारखान्यात अमेरिकन पद्धतीची यंत्रे आली व परस्पर बदलता येणारे सुटे भाग तयार होऊ लागले. कानशीने भाग जुळविणाऱ्या कारागिरांपुढे हे आव्हान होते. त्याला उत्तर म्हणून १८६१ मध्ये चौदा बंदूककारांनी ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’ ही कंपनी स्थापन करून स्मॉल हीथ येथे यंत्रयुक्त कारखाना उभारला. अमेरिकन यादवी युद्धामुळे जुन्या कार्यशाळांनाही काही काळ भरपूर काम मिळाले. दोन्ही पक्षांना मिळून सात लाखांहून अधिक बंदुका रवाना झाल्या. त्यानंतर मात्र हस्तकौशल्य शिकारी बंदुकांपुरते उरले. मागणी घटल्यावर कंपनीही १८८० पासून सायकलींकडे आणि पुढे मोटारसायकलींकडे वळली.

विसाव्या शतकातील महायुद्धांनी शस्त्रनिर्मितीला पुन्हा गती दिली. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बाँबहल्ल्यात या कारखान्यातील ५३ कामगार मृत्युमुखी पडले. १९६० च्या दशकातील रस्तेबांधणीत गन क्वार्टरमधील अनेक जुन्या इमारती नष्ट झाल्या. २०११ मध्ये नगर परिषदेने या भागाचे नाव बदलले. त्यास नागरिकांनी विरोध केला आणि पुढे जुने नाव पुन्हा रूढ झाले.

निष्कर्ष

बर्मिंगहॅमच्या शस्त्रनिर्मात्यांचे यश त्यांच्या विखुरलेल्या, लवचीक रचनेत होते आणि नैतिक प्रश्न टाळण्याची वाटही त्याच रचनेतून निघाली. परीक्षागृहाने नळीच्या मजबुतीची हमी दिली. तिचे तोंड कोणाकडे वळणार, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहिला. गाल्टन यांना वगळून पंथाने तो प्रश्न एका व्यक्तीपुरता सोडविला. शहरापुरता तो अनुत्तरितच राहिला. औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासात उत्पादनाच्या आकड्यांबरोबर या प्रश्नाचीही नोंद घेणे आवश्यक ठरते.