ठेव आणि किल्ली: शहापूर-मुरबाडमधील साठवणीचा इतिहास

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावावरून नाणेघाटाची वाट चढते. कल्याण बंदरात उतरलेला माल सातवाहन काळात याच वाटेने जुन्नरकडे जाई. घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांचा हिशेब त्यात कोरलेला असून त्यातले आकडे २४,४०० पर्यंत जातात. माथ्यावर वाटेच्या कडेला दगडात घडवलेला मोठा रांजण उभा आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरा सांगते. लेख दानाचा आणि रांजण जकातीचा, त्यामुळे दोहोंचा थेट संबंध जोडता येत नाही. तरी हिशेब कोण लिहितो आणि ठेव कोणाच्या ताब्यात असते, हे दोन प्रश्न या मुलखात तेव्हापासून आहेत, आणि क्रिप्टोचलनाच्या बाबतीतही तेच दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे ठरतात.

राजाच्या रांजणाशी शेतकऱ्याचा संबंध कर भरण्यापुरता. त्याची स्वतःची ठेव भातात असे. बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणमातीने लिंपलेली कणगी घराच्या आतल्या अंगाला उभी राही. भात आत भरून तोंड लिंपले की ओल आणि उंदीर यांपासून ते काही महिने सुरक्षित राही. चांदीचा पैसा हाती आला तर त्याचे वाळे, गोठ किंवा सरी घडवली जाई, कारण अंगावरच्या दागिन्यावर नजर राहते आणि अडचणीला तो मोडता येतो. उरलेली नाणी उतरंडीतल्या खालच्या मडक्यात किंवा चुलीजवळच्या जमिनीत जात. पुरणाऱ्याने जागा कोणाला सांगितली नाही आणि तो अचानक गेला, तर ठेव जमिनीतच राही. अशी पुरलेली धने पुढे सापडत, आणि इंग्रज सरकारने १८७८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र निखात निधी कायदा केला. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास कळवणे त्याने बंधनकारक झाले.

कणगीला मोठा धोका चोराचा नव्हता, पावसाळ्याचा होता. आषाढ-श्रावणात भात संपे आणि ठाकूर, कातकरी, वारली, कुणबी कुटुंबांना खावटीसाठी, म्हणजे पोटापुरत्या धान्यासाठी, सावकाराच्या दारी जावे लागे. आषाढात घेतलेले मणभर भात दिवाळीनंतर दिढीने, कधी दुपटीने फेडावे लागे. पालेमोड त्याहून वाईट. पीक पाल्यावर असतानाच व्यापारी थोडी रक्कम हातावर ठेवी आणि येणारे धान्य किंवा गवत कवडीमोल भावाने आपल्या नावे करून घेई. सगळा व्यवहार सावकाराच्या वहीत लिहिला जाई. ऋणको खाली अंगठा उठवी. वर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे, आणि वही सावकाराच्या पेटीत कुलपात राही. या मुलखातल्या लोकांचे जेवढे नुकसान या न वाचता येणाऱ्या वहीने केले, तेवढे चोर-दरोडेखोरांनी केले नसेल.

दरम्यान रेल्वे आली होती. मुंबई-ठाणे मार्ग १८५३ मध्ये सुरू झाला, १८५५ मध्ये गाड्या वासिंदपर्यंत आणि १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत धावू लागल्या. शहापूर तालुक्यातले, आसनगाव आणि तानशेतच्या मधले आटगाव याच मार्गावर आहे. रेल्वेने रोख रक्कम आणली, पण वही होती तिथेच राहिली. सावकारी आणि वेठीविरुद्धची मोठी हाक ठाणे जिल्ह्यातच उठली: जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेचे अधिवेशन टिटवाळ्याला भरले आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली पुढे वारल्यांचा लढा उभा राहिला. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने परवाना आणि हिशेबाच्या वह्या यांवर सरकारी नजर आणली. १९७६ मध्ये वेठबिगारी कायद्याने संपवण्यात आली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने आदिवासींची आर्थिक परिस्थिती सुधारण्याचा कायदा करून पालेमोडीसारख्या व्यवहारांना आळा घातला.

सुरक्षित ठेवीची सरकारी सोय म्हणजे टपाल खात्याची बचत बँक, १८८२ पासूनची. ठाणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि गावोगावच्या विकास सोसायट्या स्वातंत्र्यानंतर वाढल्या, आणि १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर व्यापारी बँकांच्या शाखा तालुक्याच्या गावी उघडल्या. पासबुक हातात आले. वही आता खातेदारालाही वाचता येऊ लागली.

मात्र सर्वांत शहाणी व्यवस्था बायकांनी केली. १९९२ नंतर नाबार्डच्या कार्यक्रमातून बचतगट वाढले, आणि अनेक गटांत पत्र्याची पेटी एकीच्या घरी तर किल्ली दुसरीच्या घरी राहते. मासिक सभेत सगळ्यांसमोर पेटी उघडायची, रक्कम मोजायची, वहीत लिहून मोठ्याने वाचायची आणि पुन्हा कुलूप लावायचे. एकटीने ठरवले तर पैसा हलत नाही, आणि एकीचा संशय दुसरीला घ्यावा लागत नाही. संगणकशास्त्राने पुढे बहुस्वाक्षरी वॉलेट, म्हणजे अनेकांच्या किल्ल्यांनी उघडणारी डिजिटल पेटी, या नावाने जे साधले, त्याचे सूत्र हेच आहे.

बिटकॉइन या क्रिप्टोचलनाची कल्पना सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ऑक्टोबर २००८ मध्ये मांडली गेली आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याचे जाळे सुरू झाले. त्याची वही जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवली जाते, कोणालाही वाचता येते आणि मागची नोंद गुपचूप खोडता येत नाही. सावकाराच्या वहीचा दोष तिच्यात नाही. एकूण नाणी २ कोटी १० लाखांहून अधिक होणार नाहीत. प्रत्येक नाण्याचे १० कोटी भाग पडतात, त्यामुळे शंभर-पाचशे रुपयांचाही तुकडा विकत घेता येतो. पण किल्लीच्या बाबतीत हे चलन माणसाला पुन्हा जमिनीत पुरलेल्या मडक्याकडे नेते. नाणे म्हणजे वहीतली नोंद, आणि ती हलवण्याचा अधिकार एका गुप्त संख्येला. ती संख्या ज्याच्याकडे, नाणे त्याचे. हरवली तर कोणतेही कार्यालय ती परत देत नाही.

भारतात रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लागला, त्यात एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून एक टक्का कपात सुरू झाली, आणि मार्च २०२३ मध्ये क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्स्चेंज कंपन्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या. क्रिप्टो हे कायदेशीर चलन नाही आणि बँकठेवीला पाच लाखांपर्यंत मिळणारे विम्याचे संरक्षणही त्याला नाही.

याच काळात शहापूर तालुक्यात मोठ्या रकमा प्रथमच घरात आल्या. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गासाठी जमिनी थेट खरेदीने घेण्यात आल्या आणि मोबदला बँक खात्यांत जमा झाला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. जमीन एकदाच विकली जाते, म्हणून हा पैसा कुठे ठेवायचा हा प्रश्न त्या कुटुंबांसाठी सर्वांत गंभीर आहे. दरमहा ठरीव परतावा देणाऱ्या योजना अशाच रकमांच्या मागे असतात. महाराष्ट्रातले मोठे उदाहरण गेनबिटकॉइनचे: दरमहा १० टक्के परतावा अठरा महिने, असे आश्वासन होते. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली. मार्च २०२२ मध्ये, तपासात मदतीसाठी घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच पोलिसांनी पकडले. आरोपींच्या वॉलेटमधील नाणी स्वतःकडे वळवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. बिटकॉइनवर ठरीव व्याज मिळत नाही. त्याची किंमत वर-खाली होते, एवढेच. ठरीव आकडा सांगणारी योजना म्हणजे पालेमोडीसारखाच समोरच्याच्या गरजेवर टाकलेला डाव.

खरेदीची साधी पद्धत अशी: केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी असलेले एक्स्चेंज निवडायचे, पॅन व आधारने केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करायची, स्वतःच्याच बँक खात्यातून रुपये भरायचे आणि बुडाली तरी घर चालेल एवढीच रक्कम लावायची. अनोळखी गटातून आलेल्या दुव्यावरचे ॲप घ्यायचे नाही आणि दुसऱ्याच्या यूपीआयवर पैसे पाठवायचे नाहीत. फसवणूक झाली तर पहिल्या काही तासांत १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

एक्स्चेंजवर ठेवलेल्या नाण्याची किल्ली एक्स्चेंजकडे असते. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांची शिल्लक वर्षाहून अधिक काळ अडकली. ते वॉलेट बहुस्वाक्षरीचेच होते. स्वाक्षरी करणाऱ्यांनी समोर नेमके काय आहे हे ओळखले नाही, तर अनेक किल्ल्याही पुरत नाहीत. बचतगटात रक्कम मोठ्याने वाचून दाखवतात ते याचसाठी.

किल्ली स्वतःकडे घ्यायची तर हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली आत जपणारे छोटे उपकरण, वापरतात. २०१४ मध्ये आलेले ट्रेझर हे त्यातले पहिले मोठे नाव. उपकरण सुरू करताना सहसा २,०४८ शब्दांच्या ठरीव यादीतले बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द दाखवते. हेच शब्द म्हणजे खरी किल्ली. उपकरण मोडले तरी नव्या उपकरणात ते भरून नाणी परत मिळतात. म्हणून उपकरण कंपनीकडून सीलबंद घ्यावे, आणि आधीच शब्द लिहून आलेले असेल तर परत करावे. शब्दांचा फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर पाठवायचे नाहीत, कोणत्याही संकेतस्थळावर भरायचे नाहीत. ते मागणारा प्रत्येक जण चोर असतो. आटगावच्या पावसात कागदाला ओल आणि वाळवी लागते, म्हणून पेन्सिलीने लिहिलेला कागद बंद डब्यात ठेवावा, किंवा शब्द स्टीलच्या पट्टीवर कोरून एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. मोठी रक्कम हलवण्याआधी थोडी पाठवून, उपकरण पुसून, शब्दांवरून ती परत मिळते का हे एकदा पाहावे. नाणे पाठवताना घेणाऱ्या वॉलेटचा पत्ता चिकटवल्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा, कारण चुकीच्या पत्त्यावर गेलेले नाणे परत येत नाही.

बँकेत नॉमिनीचे नाव नोंदवता येते, पोस्टातही येते; स्वतःच्या वॉलेटला तशी सोय नाही. नाणी आहेत, उपकरण अमुक जागी आहे आणि शब्द तमुक जागी, एवढे घरातल्या एका विश्वासू माणसाला ठाऊक असावे. इच्छापत्रात या ठेवीचा उल्लेख करावा, शब्द मात्र त्यात लिहू नयेत, कारण ते कागद अनेकांच्या हातांतून जातात.