कोळशाच्या इतिहासात बाईची टोपली

शाळेच्या पुस्तकात कोळसा म्हणजे नकाशावरचा काळा ठिपका. झरिया, राणीगंज, बल्लारपूर. ठिपके पाठ करा, मार्क घ्या. ठिपक्याखाली कुणाची पाठ मोडली ते पुस्तक सांगत नाही. म्हणून दोस्तांनो, मी हा इतिहास टोपलीच्या बाजूने लिहितोय.

राणीगंज-झरियाच्या खाणीत आधी उतरली ती माणसं कोण? बाउरी, भुईया, संथाळ. म्हणजे गावकुसाबाहेरची आणि रानातली. नवरा कोळसा फोडायचा, बायको टोपलीत भरून वाहायची. तिला तिकडं ‘कामिन’ म्हणत. दोघांच्या घामाची मिळून मजुरी.

१९२९ साली सरकारला बाईची दया आली. तिला जमिनीखालून हळूहळू वर काढायचे नियम झाले. १९३७ पासून पूर्ण बंदी. चांगलंच झालं म्हणाल. पण बाई वर आली म्हणून नवऱ्याची मजुरी काही दुप्पट झाली नाही. मग महायुद्ध पेटलं, कोळसा कमी पडू लागला आणि १९४३ साली त्याच सरकारने बंदी उठवली.

तेव्हा मजूरखातं बाबासाहेबांकडे होतं. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. बंदी उठवल्याबद्दल कायदेमंडळात टीका झाली. आपण ही गोष्ट झाकायची नाही, भक्तीने इतिहास लिहिता येत नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्यांनी उत्तर दिलं, ते असं की ही युद्धापुरती सोय आहे आणि बाईला पुरुषाएवढीच मजुरी मिळेल. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी परत लागू झाली.

डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबादच्या खाणीत उतरले होते. पुढच्याच महिन्यात वटहुकूम निघाला. कोळशावर टनामागे कर, आणि त्या पैशातून मजुरांसाठी घरं, पाणी, दवाखाने. खाणीतल्या बाळंतिणीच्या कायद्यातही १९४३ आणि १९४५ साली दुरुस्त्या झाल्या. कोळसा मजुराचं देणं लागतो, हे कायद्यात लिहिलं गेलं.

देणं फिटलं का? मालकांनी हाताला लागेल तो चांगला कोळसा ओरबाडला. खालची पोकळी वाळूने भरायला पैसा लागतो, म्हणून तशीच टाकली. हवा आत शिरली, कोळसा आपोआप पेटला. झरियात १९१६ पासूनची आग अजून विझलेली नाही. तिच्यावर वस्त्या नांदतायत. १९७१ ते १९७३ या काळात खाणी सरकारजमा झाल्या. २७ डिसेंबर १९७५ ला चासनाला खाणीत पाणी घुसलं, पावणेचारशेच्या आसपास माणसं मेली. मालक बदलला, मरणारे तेच राहिले.

आता आपल्या वर्धा खोऱ्याकडे या. इथं बहुतेक उघड्या खाणी. वरची माती उपसून तिचे डोंगर रचतात. खाणीत साचलेलं पाणी पंपाने बाहेर फेकतात, शेजारच्या विहिरी आटतात. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित औद्योगिक भागांची यादी केली, त्यात चंद्रपूर चौथं. जमीन जाते तेव्हा नोकरी आणि मोबदला सातबारा बघून. ज्याच्या बापजाद्यांना जमीनच धरू दिली नाही, त्यानं कुठला कागद दाखवायचा? त्याच्या वाट्याला धूळ येते. धुळीला सातबारा लागत नाही.

२०१९ साली बाईला जमिनीखाली पुन्हा परवानगी मिळाली. या वेळी तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी. मला आनंदच आहे. पण त्या कामाला शिक्षण लागतं. कामिनीच्या नातीला ते कुणी दिलं? १९४४ सालीच टनामागे मजुराचा वाटा काढता आला. मग आज खाणीच्या कडेला राहणाऱ्या भूमिहीनाचा वाटा का काढता येऊ नये? हा हिशोब आपणच मांडला पाहिजे.